विश्रामबाबचं सोवळं

फोन विश्रामचाच होता. शिमगा नुकताच सरला होता, दुपारी जेवून मी जरा कलंडलो होतो आणि डोळ्यांवर झापड होती. पडद्यावर त्याचं नाव दिसलं तसं सवयीने विचारलं, "काय रे, कोण गेलो आज?" लोक फोन उचलून हॅलो म्हणतात, आम्ही दोघे गेली कित्येक वर्षं कोण मेलं ते विचारायचो. तो गुरांचा डॉक्टर, मी आरोग्य खात्यातला निरीक्षक, आणि आमच्या मैत्रीचा सगळा व्यवहार मेलेल्या जनावरांवर चालायचा. पलीकडून उत्तर आलं नाही. वाटलं, पेंगला असेल. फोन लावून समोरच्याने उचलेपर्यंतच्या अवधीत डोळा लागणं त्याला मुळीच अवघड नव्हतं. म्हणून मी आणखी एक पुडी सोडली, "माकड गेलां, म्हस गेली, की तूच?" मग त्याच्या मुलाचा, निखिलचा आवाज आला. "काका... बाबा."

धारगळच्या घरी, सोप्यावरच्या आरामखुर्चीत, जेवणानंतर डोळे मिटले ते मिटलेच. सुमतीवयनी दोनदा चहा घेऊन आल्या आणि झोपमोड नको म्हणून दोनदा परत गेल्या. नवरा गेलाय हे त्यांना चहा गार झाल्यावर कळलं, आणि मला ते माझ्याच विनोदातून कळलं. आयुष्यात मी पुष्कळ ठिकाणी चुकीच्या वेळी तोंड उघडलंय, पण त्या दुपारी मी माझाच विक्रम मोडला. निखिल समजूतदार. तो म्हणाला, काका, बाबांना हे आवडलं असतं. असतंही.

खरं सांगायचं तर, रडू नंतर आलं. आधी मनात आली ती वाडी. साखळीच्या बाजारातून डोंगराकडे चढत गेलं की काजूच्या भाटांत, म्हणजे बागांत, दडलेली एक लहानशी वाडी आहे. तिथे माकड मेलं की फोन विश्रामला जायचा, इतर कुणाला नाही. आता तो कुणाला जाणार? की जाणारच नाही? हे वाचकांना विचित्र वाटेल, म्हणून थोडं समजावून सांगतो. आमच्या डोंगरात माकडताप म्हणून एक आजार आहे. रानातल्या गोचिडी चावतात, ताप चढतो, अंग मोडून येतं, आणि कुणाकुणाचा जीवही जातो. पण माणसं आजारी पडण्याआधी बहुधा माकडं मरू लागतात. त्या बिचाऱ्यांनी मरून दिलेली ती सूचना असते. ती वेळेवर कळली तर त्या भाटात कीटकनाशक भुकटी मारता येते, बोंडू, म्हणजे काजूची फळं, गोळा करणाऱ्या बायकांना अंगाला लावायचं तेल देता येतं, तापाचा माणूस लवकर इस्पितळात पोचवता येतो. नाही कळली, तर आम्ही आरोग्य खात्याचे लोक डास शोधत फिरतो. विश्राम जाईपर्यंत वाडीची ही सूचना एका माणसाच्या भरवशावर चालली होती, आणि तो माणूस निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली होती.

आमची ओळख झाली तीच मुळी झोपेत. तो धारगळचा, मी तुयेचा, दोघेही पेडणे तालुक्यातले आणि दोघांची नोकरी डिचोली तालुक्यात, तरी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं. त्याचा दवाखाना आणि आमचं आरोग्य केंद्र यांच्यामध्ये एक कुंपण होतं. त्याच्याकडची बातमी आमच्याकडे यायची तर तिला आधी वर पणजीला जावं लागे. तिथे ती जरा बसे, वारा खाई, चहापाणी उरके आणि मग दुसऱ्या जिन्याने खाली उतरून आमच्याकडे येई. तोवर ज्याला ताप आला होता तो बरा तरी झालेला असे, नाहीतर दुसरं काही. हा घोळ मिटावा म्हणून वरच्यांनी दोन्ही खात्यांचं एकत्र प्रशिक्षण ठेवलं. माणसांचे डावीकडे, जनावरांचे उजवीकडे. थंडगार सभागृह, पडद्यावर गोचिडीचं म्हशीएवढं चित्र... जाग आली तेव्हा माझं डोकं शेजारच्याच्या खांद्यावर होतं आणि शेजारचा माझ्या डोक्यावर डोकं ठेवून झोपला होता. दोन्ही खात्यांचा असा मिलाफ त्या दिवशी तेवढाच झाला. परतताना एका बसमध्ये बसलो, पुन्हा डोळे लागले, आणि साखळी मागे टाकून शेवटच्या थांब्यावर कंडक्टरने दोघांना एकदमच हलवलं. अंधारायच्या आत पोचू म्हणून चालत निघालो. खाणीचा लाल धुरळा संध्याकाळच्या उन्हात तरंगत होता. चालता चालता विश्राम म्हणाला की त्याला झोपेत नेहमी जनावरं दिसतात, आणि ती काहीतरी सांगतात, पण जाग आल्यावर आठवत नाही. मी म्हटलं, मला झोपेत फक्त साहेब दिसतो आणि तो काय बोलला ते सगळं आठवतं.

आता मुख्य गोष्ट सांगतो. वाडीवर ती अजून सांगतात, आणि मी समोर असलो तर जास्तच रंगवून सांगतात. काजूचा हंगाम होता. डासांच्या तपासणीसाठी मी वाडीवर गेलो होतो. डोंगरभर पिकल्या बोंडवांचा वास इतका दाट होता की चालता चालता पाय जड व्हावेत. कुसुम नावाची एक तरुण बाई तापाने निजून होती. नुकतीच सून होऊन आलेली, दिवसभर भाटात बिया वेचणारी. मी नेमाप्रमाणे तिच्या बोटातून मलेरियासाठी रक्त घेतलं, विश्रांती घे म्हणालो आणि बाहेर आलो, तर देवळापाशी टाळ वाजत होते. माकड मेलं होतं. आमच्याकडे माकड हे मारुतीचं माणूस. ते मेलं तर त्याला घरच्या माणसासारखी आंघोळ घालतात, हळदकुंकू लावतात, नवं फडकं पांघरतात आणि भजन म्हणत नेऊन पुरतात. मला भजनाचा नाद आणि माझा आवाज बरा, असा माझा तेव्हाही समज होता. वाडीचे म्हातारे प्रमुख, ज्यांना सगळे आबा म्हणतात, त्यांनी मला पाहिलं आणि पुढे बसवलं. मी गायलो. नुसता गायलो नाही, तिरडीला खांदाही दिला. पायातल्या चपला काढून, डोळे मिटून, डोलत डोलत. ज्या आजारावरच्या प्रशिक्षणात मी झोपलो होतो, त्याचाच पुरावा मी टाळांच्या गजरात जमिनीत घालून आलो.

साखळीला परत येऊन विश्रामला चहाच्या हॉटेलात गाठलं. समोर पातळ भाजी आणि पाव. मी त्याला मोठ्या कौतुकाने सांगू लागलो की आज अभंग काय लागला होता म्हणून सांगू! त्याने पावाचा तुकडा भाजीत बुडवला होता. तो तसाच बुडत राहिला.

"तू तेका पुरून इलंस?" तो म्हणाला.

मी म्हटलं, अगदी रीतसर. मग त्याने आणखी एकच गोष्ट विचारली, वाडीवर कुणाला ताप आहे का. तेव्हा कुठे माझ्या डोक्यातली दोन टोकं जुळली, आणि हातातला चहा मी स्वतःच्याच पँटवर ओतला. त्या तशाच पँटने मी आरोग्य केंद्रात धावत गेलो आणि डॉक्टरांना सांगितलं की जिथे कुसुम तापलीय तिथे माकडं मरतायत. हे एकच वाक्य. पण त्या एका वाक्याने सगळं बदललं. संध्याकाळपर्यंत तिला साध्या तापाची गोळी देऊन घरी ठेवायचा बेत रद्द झाला आणि ती पणजीकडच्या मोठ्या इस्पितळाच्या वाटेला लागली. या तापावर नेमकं औषध नाही. वेळेवर पोचणं आणि कुणीतरी डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवणं, एवढंच काय ते हातात असतं.

पण बाकीच्या वाडीचं काय? ताप तोच आहे हे पक्कं व्हायला हवं होतं आणि त्यासाठी माकड हवं होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे वर गेलो. विश्रामने हात जोडून आबांना सगळं सांगितलं. आबा शांतपणे ऐकत होते, विडी विझेपर्यंत. मग म्हणाले, "देवाक मातयेत ठेवलो. आता तेका परत भायर काढूचो नाय." मी वाद घालायला तोंड उघडलं. खातं, कायदा, सरकार असं बरंच काही घशापर्यंत आलं होतं. विश्रामने माझ्या मांडीवर हात ठेवला, आणि मग त्याने जे केलं ते कुठल्याही प्रशिक्षणात शिकवत नाहीत. त्याने आबांना विचारलं, वायच, म्हणजे जरा, पडू काय? आणि देवळाच्या सारवलेल्या गार जमिनीवर, उशाला हात घेऊन तो सरळ झोपला.

मला इतकी लाज वाटली. आबांकडे पाहू की छपराकडे, कळेना. पण हळूहळू आजूबाजूचं बोलणं खाली आलं. कुणीतरी पोरांना लांब पिटाळलं. एका म्हातारीने त्याच्या तोंडावर येणारी उन्हाची तिरीप पाहिली आणि दाराचं फळकूट अर्धं ओढून घेतलं. बाहेर पानं हलत नव्हती. बोंडवांचा आंबूस वास, दूर कुठेतरी काजूची दारू गाळणाऱ्या भाटीचा धूर, आणि मध्ये हा परका माणूस आपल्या घरात झोपावा तसा झोपलेला... पाहता पाहता मीही कुठेतरी वाहत गेलो. तेवढ्यात खालच्या भाटातून निरोप आला की आणखी एक माकड मरून पडलंय.

विश्राम उठून बसला. चेहऱ्यावर जमिनीची नक्षी उठलेली. त्याने आबांना विचारलं की मेलेल्याला आंघोळ कोण घालतं. आबा म्हणाले, घरचा माणूस. आणि तेव्हा तो म्हणाला, "मगे ह्या खेपेक आंघोळ मी घालतलंय. माका घरचो समजा."

माणूस देव मागत नव्हता, नातं मागत होता. नातं मागायला आलेल्याला नाही म्हणायची वाडीची रीत नाही. आबांनी मान हलवली. विश्रामच्या दोनच अटी होत्या: त्याच्या आंघोळीआधी कुणी माकडाला शिवायचं नाही, आणि भजन म्हणायचं ते लांब बसून, वरच्या वाटेवरून. मग त्याने गाडीतून तो पांढरा, डोक्यापासून पायापर्यंतचा संरक्षक पोशाख काढला आणि चढवू लागला. बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या. आबांनी विचारलं, हे काय?

"ह्यां माझां सोवळां," विश्राम म्हणाला. "शिवा नकात."

आबांनी दोन बोटांनी हवेतच त्या कापडाचा अंदाज घेतला आणि सोवळं प्लास्टिकचं कधीपासून झालं म्हणून विचारलं. विश्रामने हसून सांगितलं, देवाचे दिवसही बदलले. पण मला विचाराल तर तो थट्टा करत नव्हता. खाली भाटात, काजूच्या झाडांमधून उतरणाऱ्या हिरवट उजेडात, तो पांढरा माणूस वाकून बसला होता. तपासणीला हवं ते त्याने घेतलं, फाडलेलं पुन्हा शिवलं, आणि ते इतक्या बारीक टाक्यांनी की जणू कुणाची गोधडीच. मग पाणी घालून त्याने माकडाला खरोखरच आंघोळ घातली, कपाळाला कुंकू लावलं, आणि खोल खड्ड्यात चुन्याच्या थरावर अलगद ठेवलं. वरून आमचं भजन चालू होतं. उन्हात सगळं थरथरत होतं, आणि क्षणभर मला खरंच वाटलं की हे मी कुठेतरी आधी पाहिलंय, झोपेत.

ताप तोच निघाला. भाटात भुकटी पडली, तेलाच्या बाटल्या आल्या, बायकांनी नाकं मुरडत का होईना अंगाला तेल चोळलं. त्या हंगामात वाडीवर आणखी काही जण तापले, पण सगळे घरी परतले. कुसुमही परतली. केस गळालेली, हात कापणारी, पण आपल्या पायांनी ती वाट चढून आली. त्यानंतर वाडीने एकही माकड परस्पर पुरलं नाही. मेलं की घरच्या माणसाला कळवायचं. विश्राम यायचा, सोवळं चढवायचा, आंघोळ घालायचा आणि सगळं उरकलं की देवळात थोडा वेळ झोपायचा. त्या वेळात वाडी कुजबुजत बोलायची. विश्राम मला फोन करायचा, कोण गेलं ते सांगायचा, आणि मी डॉक्टरांना. पणजीचा वळसा आम्ही असा चुकवला.

माझे पराक्रम मात्र चालूच राहिले. एकदा वाडीवरून निरोप आला तेव्हा विश्राम पेडण्यात एका अडलेल्या गायीपाशी होता. तो म्हणाला, तू पुढे हो, लांबून भुकटीचं रिंगण घाल, हात लावू नकोस. मी सोवळं चढवलं. त्याच्या मापाचं असल्यामुळे माझ्यावर ते उशीच्या अभ्र्यासारखं लोंबत होतं. माकड काजूखाली हातपाय पसरून पडलं होतं. मी रिंगण घातलं, देवासाठी आणलेलं केळं कडेला ठेवलं, आणि एकटाच होतो म्हणून मन भरून आलं, तेव्हा हळू आवाजात भजन सुरू केलं. दुसऱ्या कडव्याला माकडाने एक डोळा उघडला. मग दुसरा. खाली सांडलेले आंबलेले बोंडू खाऊन ते नुसतं तर्र झालं होतं! ते उठून बसलं, माझ्याकडे बराच वेळ दयेने पाहिलं, केळं सोलून खाल्लं आणि भुकटीवर पावलं उमटवत, झोकांड्या खात निघून गेलं. तोवर मी आरोग्य केंद्र, दवाखाना आणि वनखातं या सगळ्यांना कळवून मोकळा झालो होतो, आणि वाटेवर भजनी मंडळीही पोचली होती. आबांनी गंभीरपणे जाहीर केलं की भाईंच्या, म्हणजे माझ्या, आवाजाने मेलेला उठतो. पुढे कितीतरी दिवस कुणी आजारी पडलं की, भाईंना गायला बोलवा रे, अशी हाक उठायची.

संध्याकाळी विश्रामला सांगितलं तेव्हा मला वाटलं हसेल. तो हसला, आणि मग म्हणाला, "सदा, असोच चुकत ऱ्हव." मेलेलं म्हणून गेलो आणि जिवंत निघालं, असं रोज झालं तर त्याला हवंच होतं.

तो निवृत्त झाल्यावर त्याच्या जागी बेळगावकडची डॉक्टर शिल्पा आली. हुशार, हातांची नेमकी, आणि खातीही आता एकमेकांशी बरी बोलतात. एकत्र बैठका होतात, मोबाइलवर गट आहे, त्यावर सकाळी सुप्रभात येतं. पण वाडीचा फोन विश्रामलाच. तो शिल्पाला घेऊन जायचा. चिरफाड ती करायची, आंघोळ तो घालायचा. मी त्याला म्हणायचो, अरे, तिची नीट ओळख करून दे, तू काही अमर नाहीस. तो म्हणायचा, ओळख करून देऊन होत नाही, ती होते. आणि डोळे मिटायचा.

परवा, म्हणजे त्याच्या बाराव्यानंतर काही दिवसांनी, माझा फोन वाजला. कुसुमचा. आवाज दबलेला. "भाई, एक गेलो. कोणी हात लावूक नाय. पण आबा कुदळ घेवन बसलेत... बेगीन येवा."

मी शिल्पाला घेऊन पोचलो. आबा आता नव्वदीकडे झुकलेत. देवळाच्या पायरीवर ते कुदळ मांडीवर आडवी घेऊन बसले होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं: घरचा माणूस गेला, आता देवाचं आम्हालाच करायला हवं. परक्याच्या हातून आंघोळ होत नाही. खाली भाटात जायच्या वाटेवर कुसुम उभी होती, आणि तिच्यामागे दोन-तीन बायका. ती आबांशी वाद घालत नव्हती. फक्त वाटेतून हलत नव्हती. आता तिची मुलगी कॉलेजात जाते. त्या वेळी ही बाई निजून होती आणि मी तिच्या अंगणापलीकडे खांदा देत होतो, एवढंच माझ्या मनात येत होतं. बोलायला हवं होतं, पण मला शब्द सुचेना. ही माझ्या आयुष्यातली दुर्मीळ घटना. शिल्पाने पोशाख बाहेर काढला आणि चढवू लागली. आबा पाहत राहिले.

"तू तेची कोण?" त्यांनी विचारलं.

ती थांबली. म्हणाली, "त्यांच्या हाताखाली शिकले मी. टाके घालायला त्यांनीच शिकवलं."

आबांनी कुदळ पायरीला टेकवून ठेवली. "मगे चेडवासारखीच," ते म्हणाले, म्हणजे लेकीसारखी. "घाल तू."

कुसुम वाटेतून बाजूला झाली. आम्ही वरच्या वाटेवर जाऊन बसलो, टाळ घेतले. माझा आवाज लागला नाही, पण कुणाचं लक्ष नव्हतं. खाली झाडांमध्ये ती पांढरी आकृती वाकत होती, उठत होती, पाणी घालत होती...

सगळं उरकून, हातपाय धुऊन आम्ही देवळात आलो. चहा आला. कप ठेवतानासुद्धा आवाज झाला नाही. आबा खांबाला टेकून गप्प होते, बायका अगदी कानाशी लागून बोलत होत्या. पोरांना लांब पाठवलं होतं. कुणीतरी दाराचं फळकूट अर्धं ओढून घेतलं होतं, आणि मधली सारवलेली जमीन मोकळी सोडून सगळे कडेकडेने बसले होते. मीही कडेलाच बसलो होतो, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. शिल्पाने इकडेतिकडे पाहिलं. चिरफाड, नमुने, गाडी यांच्या धावपळीत ही वेळ तिने कधी वाडीबरोबर काढलीच नसावी. ती कुसुमकडे झुकली आणि तिनेही नकळत आवाज खाली आणला.

"आत कुणी झोपलंय का?"

कुसुमने त्या मोकळ्या जमिनीकडे पाहिलं.

"होय," ती कुजबुजली. "वायच पडलेत."